शेजारणीचा दावा

"सात वर्षं झाली की जुनी कागदपत्रं परसातल्या पिंपात जाळायची. आमच्या घरात शिस्तच होती तशी," लव्हॉन स्टकी अभिमानानं म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिचा चेहरा उतरला.

समोर बसलेल्या प्रुइटनं कॉफीचा कप खाली ठेवला. जुन्या विमा पॉलिसी हुडकून काढणं हा त्याचा धंदा. इंडियानातल्या नीटनेटक्या बायकांनी त्याचा आजवर फार घात केला होता.

"१९६७ च्या आसपासचं काहीच उरलं नाही?"

"ऑरिनच्या कोटाचं बटणसुद्धा नाही."

लव्हॉनच्या नवऱ्यानं, ऑरिननं, एकतीस वर्षं खालच्या दुकानात गावाचे कपडे ड्रायक्लीन केले. तो गेला, दुकान बंद झालं, आणि आता सरकारी माणसांनी जमिनीत नळ्या खुपसून सांगितलं की कपडे धुण्याचं रसायन मातीत मुरलंय, मागच्या घरांच्या विहिरींपर्यंत पोचलंय. साफ करा, स्वतःच्या खर्चानं. दुकान आणि वरचं राहतं घर दोन्ही विकलं तरी तो खर्च निघत नव्हता. लव्हॉन त्र्याहत्तर वर्षांची होती. या वयात तिला दुसरीकडे कुठं जायचं नव्हतं आणि जायला कुणी नव्हतंही.

"हल्लीच्या पॉलिसीत असलं प्रदूषण वगळलेलं असतं," प्रुइट म्हणाला. "तेव्हाच्यात नसायचं. रसायन तेव्हा मुरलं, म्हणजे तेव्हाच्या कंपनीनं आज निस्तरायचं. फक्त पॉलिसी होती हे दाखवता आलं पाहिजे. मी जरा गावात विचारून बघतो. शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही."

"मागच्या अर्डिसकडे जा आधी. बोलून बोलून कान किटवेल, पण घरचा ॲपल-पाय खाऊ घातल्याशिवाय सोडायची नाही."

अर्डिस लेहमन आणि लव्हॉन यांची मैत्री अडतीस वर्षांची. एकीच्या घरात साखर संपली की दुसरीच्या घरातला डबा हलायचा. दर गुरुवारी चर्चच्या तळघरात बायका गोधडी शिवायला जमत. तिथं या दोघी एकाच चौकटीला बसत आणि एकमेकींच्या टाक्यांना नावं ठेवत.

तीन आठवड्यांनी प्रुइटचा फोन आला. शाळेच्या बँडपथकाचे गणवेश ऑरिनकडे धुवायला असत. शाळेनं तेव्हा त्याच्याकडून विम्याचा दाखला लिहून घेतला होता, आणि शाळा कागद जाळत नव्हती. दाखल्यावर पॉलिसीचा नंबर होता.

लव्हॉन फोनवरच रडली.

"थांबा, मिसेस स्टकी. पॉलिसी असणं वेगळं आणि कंपनीनं हात सैल करणं वेगळं," प्रुइट म्हणाला. "पण बघू."

पुढच्याच सोमवारी वकिलाचं पत्र आलं. अर्डिस लेहमन यांच्या विहिरीत आणि परसात विष झिरपल्याबद्दल लव्हॉन स्टकी यांच्यावर दावा.

लव्हॉन घरातल्या चपलांनिशी मागच्या दारी गेली. "अर्डिस, हे काय आहे?"

अर्डिसनं जाळीचं दार उघडलं नाही. "वकिलाशी बोल, लव्हॉन."

"तुझी चारही पोरं माझ्या स्वयंपाकघरात वाढली!"

"वकिलाशी बोल म्हटलं ना."

आतलं दार लागलं.

गावाला कारण लगेच सापडलं. अर्डिसला घर विकून ओहायोला मुलीकडे राहायला जायचं होतं. खाली विष असलेलं घर कोण घेणार? खरं पाहिलं तर तिचंही काही अगदी चुकत नव्हतं. पण गाव लव्हॉनच्या बाजूनं उभं राहिलं. गुरुवारी अर्डिस येताच बायकांनी खुर्च्या सरकवून घेतल्या.

"सांभाळून बसा गं," लव्हॉन मोठ्यानं म्हणाली. "आमच्या दोऱ्यातसुद्धा कुणाला तरी विष सापडायचं."

सगळ्याजणी हसल्या. अर्डिसनं सुया डबीत भरल्या आणि ती निघून गेली. पुन्हा कुठल्याच गुरुवारी ती आली नाही.

वर्ष होत आलं. विमा कंपनीच्या वकिलानं लव्हॉनची शपथेवर जबानी घेतली. ऑरिन, यंत्रं, सांडलवंड, सगळं विचारून झालं. मग त्यानं चष्मा पुसत विचारलं, "शेजारणीशी तुमचं बोलणं कितपत होतं?"

"बोलणं? अकरा महिने मी त्या बाईचं तोंड पाहिलेलं नाही. आणि देव करो, पाहावंही न लागो."

वकिलानं पुढचे दोन प्रश्न खोडून टाकले.

वसंतात यंत्रं आली. दुकानामागची माती उपसली, अर्डिसच्या परसातलीही उपसली, आणि सगळा खर्च कंपनीनं उचलला. प्रुइट शेवटच्या कागदावर सही घ्यायला आला तेव्हा लव्हॉननं त्याला जेवायला बसवून घेतलं. वर्षभरात ती पहिल्यांदाच मोकळी हसत होती.

"घर राहिलं माझं," ती म्हणाली. "आणि त्या अर्डिसला काय मिळालं हो? भलं मोठं घबाड मिळालं असेल."

"त्यांना? काही नाही. त्यांनी स्वतःसाठी काही मागितलंच नव्हतं." प्रुइटचा घास हातातच राहिला. "म्हणजे त्या तुमच्याशी अजून बोलल्या नाहीत?"

"काय बोलायचंय तिनं?"

"मिसेस स्टकी, ही पॉलिसी आपल्या स्वतःच्या जमिनीसाठी एक छदाम देत नाही. दुसऱ्या कुणी तुमच्यावर दावा लावला, तरच कंपनी जागची हलते, आणि मग विषाचं मूळही तिलाच उपसावं लागतं. मी त्यांच्या टेबलाशी बसून एवढंच बोललो होतो, तर दुसऱ्या दिवशी त्या वकिलाकडे. मी म्हटलं, निदान लव्हॉनच्या कानावर तरी घाला. तर म्हणाल्या, 'अजिबात नको. दोघींनी ठरवून दावा लावला असं दिसलं तर कंपनी अंग काढून घेईल. तिला शपथेवर विचारतील, आणि त्या मेलीला खोटं बोलता येत नाही.'"