कारणाचा रकाना

सरांनी मायक्रोस्कोपवरून मान वर केली. "रक्तवाहिनीच्या या पेशी प्रोटीनचा सिग्नल दिला तरी ढिम्म हलत नाहीत. म्हाताऱ्या झाल्या बिचाऱ्या. टाकून दे." "हो सर," ती म्हणाली. डबीवर नुसता नंबर होता. पेशी कुणाच्या नाळेतल्या, हे सर विसरले होते. तिच्याच बाळंतपणातली नाळ तिने हौसेने प्रयोगशाळेला दिली होती. "बाळ जन्मल्याजन्मल्या कामाला लागलं की!" तेव्हा सर हसले होते. बाळ चार दिवस जगलं. पेशी मात्र दीड वर्ष तिने गोठवत, वाढवत, पुरवून पुरवून वापरल्या. ही शेवटची डबी. तिने हातमोजे चढवले, डबीत ब्लीच ओतलं. दहा मिनिटं ती घड्याळाकडे बघत उभी राहिली. रडू येईलसं वाटलं होतं, आलं नाही. मग नोंदवहीत तारीख लिहिली, नंबर लिहिला. कारणाच्या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं: म्हातारपण.