ठेवून यायचं होतं

चौदा तासांच्या प्रवासातले सहा तास कसेबसे सरले होते. उतरायच्या गावी रात्र होती म्हणून विमानातले दिवे मालवले होते, पण दीड वर्षाच्या चिमीच्या लेखी अजून भर दुपारच होती आणि तिनं भोकाड पसरलं होतं. नर्सची नवी नोकरी धरायला परदेशी निघालेली तिची आई तिला खांद्यावर टाकून जागच्या जागी डुलत होती. दूध पाजून झालं, चमचा वाजवून झाला, स्वतःचे केस ओढायला देऊन झाले.

शेवटी पुढच्या सीटवरचा गृहस्थ वैतागून मागे वळला. "अहो बाई, एवढ्याशा पोरीला आणायचंच कशाला? आजीपाशी ठेवून यायचं होतं."

हेच तिनं सासरी ऐकलं होतं, माहेरीही ऐकलं होतं.

"नाही ठेवली, आणि ठेवणारही नाही," ती म्हणाली. "तुम्हाला त्रास होतोय, त्याची माफी मागते. तिला आणल्याची नाही मागणार."

तो आणखी काही बोलणार, तोच तिच्या शेजारी खिडकीपाशी बसलेल्या वयस्क बाई उठल्या आणि त्यांनी चिमीला सरळ आपल्या कडेवर घेतलं.

"मी ठेवून गेले होते," त्या गृहस्थाला म्हणाल्या. "तीन वर्षांनी परतले, तर लेकीनंच दार उघडलं. मला पाहिलं आणि आत वळून आजीला हाक मारली, 'आई, कुणीतरी काकू आल्यात!'"