शेवटचं काडतूस

डेलमर रायफलची काडतुसं स्वतः भरी. दारूचा कण न् कण तोली, गोळी केसभर मागेपुढे करून बसवी. वायोमिंगच्या नेमबाजी सामन्यात पाचही गोळ्या एकाच भोकातून गेल्या, तेव्हा क्लबाध्यक्ष ऑर्विलनं त्याला लबाड ठरवून हाकललं. तो डाग घेऊनच डेलमर वारला. आज ऑर्विल हातात टोपी धरून विधवा व्हर्नाच्या दारात उभा होता. “वहिनी, त्याचं एखादं काडतूस उरलंय? दारू किती घालायचा, तोलून बघावं म्हणतो.” “लबाडीच होती ना? मग तोलायचं काय?” “जुनं कशाला उकरता?” “डेलमर खरा होता, एवढं क्लबच्या फळ्यावर लिहा. काडतूस तुमचं.” “लोक हसतील मला, वहिनी.” व्हर्नानं शेवटचं काडतूस आणलं, ठोकून गोळी उपटली आणि क्लबनं मयताला पाठवलेल्या कुंडीतल्या गुलाबाला सगळी दारू खत म्हणून घातली. रिकामी पुंगळी तिनं ऑर्विलच्या टोपीत टाकली. “आता तोला.”