सहाशे ग्रॅम

शेठने टोपलीच्या कडेवर अलगद अंगठा टेकवला आणि काट्यावरचे पाचशे चाळीस सहाशे दहा झाले.

"सहाशे दहा," त्याने पुकारलं.

सूनबाईने वहीत आकडा लिहिला, पाणकावळ्याच्या पायात नंबरची पट्टी अडकवली, फोटो काढला आणि टोपली टबांकडे धाडली. अंगठा तिला दिसला नाही असं नाही. पण पाहून न पाहिल्यासारखं करायला ती लग्न होऊन आल्या दिवसापासून शिकली होती.

जहाज फुटून समुद्रात तेल पसरलं, त्याला आज नववा दिवस. किनाऱ्यावरच्या बर्फाच्या कारखान्याची शेड रिकामी करून तिथे पक्षी धुवायचं काम चाललं होतं. शेठ म्हणजे कुणी बडी असामी नव्हे हो, कोपऱ्यावरचा किराणावाला. दुकान आता मुलाकडे. इथे काटा दुकानातला आणला, म्हणून काट्यापाशी बसायलाही तोच. नियम डॉक्टरीणबाईंचा होता. पाणकावळा सहाशे ग्रॅम भरला तर टबात, नाही भरला तर पडद्यामागे, कायमचं झोपवणाऱ्या सुईखाली. हडकलेल्या पक्ष्याला ते धुणंच सोसत नाही, म्हणायच्या. टब चारच, आणि एकेका पक्ष्याला पाऊण तास.

दुकानात चाळीस वर्षं गिऱ्हाइकं तोंडावर बोलायची, "शेठ, अंगठा घरी ठेवा, डाळ तेवढी द्या." शेठ हसायचा. सून मात्र मेल्याहून मेल्यासारखी व्हायची. आता याच अंगठ्याने तीन दिवसांत अकरा पक्षी पडद्यापासून वाचवले होते. आयुष्यात एकदा तरी याचं चीज झालं, असं शेठला मनापासून वाटत होतं. कुणाला सांगता येत नव्हतं, एवढीच काय ती खंत.

दुपारी डॉक्टरीणबाई आल्या. कोपरापर्यंत फेस, डोळे लाल. त्यांनी हातातला ट्रे टेबलावर आदळला.

"शेठ, तुमचा काटा बिघडलाय."

ट्रेमध्ये अकरा पाणकावळे. धुतलेले, स्वच्छ, मेलेले. अंगावरचं तेल गेल्यावर त्यांची पिसं अशी चमकत होती, की शेठला आधी कळलंच नाही.

"पट्ट्या बघा. वहीत सगळे सहाशेच्या वर. आत्ता मी दुसऱ्या काट्यावर घातले, एकही साडेपाचशेच्या पुढे जात नाही. तेलाचं वजन धरूनसुद्धा."

चहाच्या टेबलावरची साखरेची न फोडलेली किलोची पिशवी उचलून त्यांनी काट्यावर ठेवली. काट्याने एक किलो दाखवलं, वर चार ग्रॅम. चार ग्रॅम पिशवीचे, हे शेठला न बघताही सांगता आलं असतं.

बाई काट्याकडे बघत राहिल्या. सूनबाई घाईघाईने म्हणाली, "माझ्याकडूनच लिहिताना काहीतरी गडबड झाली असेल, मॅडम."

"तिची चूक नाही," शेठ म्हणाला. "अंगठा माझा."

बाईंना कळायला क्षणभर लागला. मग त्या रागावतील, हाकलून देतील, म्हणून शेठ उठून उभाच राहिला. बरंच झालं असतं ते. पण त्या नुसत्या त्याच्याकडे बघत राहिल्या.

"हे अकराही टबातच गेले, शेठ," त्या म्हणाल्या. "दोघे तर माझ्या हातात. पण ते टबात होते तेवढा वेळ बाहेर रांगेत सातशे, साडेसातशेचे पक्षी थांबले होते. चांगले धडधाकट. त्यांतले नऊ थांबून थांबून गेले. ते जगले असते."

भिंतीशी क्रेटमध्ये पडलेली ती काळी गाठोडी शेठने सकाळी येता येता पाहिली होती. नऊ. अरेरे, बिचारे, म्हणून पुढे झाला होता.

"मी जातो, बाई."

"जाऊन कसं चालेल? माझ्याकडे दुसरा माणूस नाही. बसा." ट्रे उचलून त्या टबांकडे निघूनही गेल्या.

तो बसला. पुढची टोपली आली. फडक्यात गुंडाळलेला पाणकावळा, चोच चिकटपट्टीने बांधलेली, एक हिरवा डोळा तेवढा तेलातून उघडा. काट्यावरचे आकडे हलले, थांबले. पाचशे नव्वद.

शेठने दोन्ही हात मांडीखाली घातले.

सूनबाई पेन धरून थांबली होती. आकडा तिलाही दिसत होता. पक्ष्याने मान उचलून तिच्याकडे बघितलं, आणि ती एकदम खाली वाकली, शेठच्या कानाशी.

"दहाच ग्रॅम, बाबा," ती कुजबुजली. "ठेवा ना."

शेठने मांडीखालचे हात काढले नाहीत. पलीकडे टबातलं पाणी बदलल्याचा आवाज आला. बाहेर रांगेत टोपल्या वाढत होत्या.

"पाचशे नव्वद," तो ओरडला. सगळी शेड वळून बघू लागली. चाळीस वर्षांत एवढ्या मोठ्याने त्याने कधी माप पुकारलं नव्हतं.