डिस्कचं उद्घाटन

सर्व्हरवर जागा संपली, म्हणून प्रयागबाईंच्या मोडलेल्या हाताचा एक्स-रे सेव्हच होईना. दवाखान्यातल्या उमेरानं एक्स-रे साठवणारी व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सर्व्हरमधला आभासी संगणक, बंद करून तिची सिस्टम डिस्क, म्हणजे साठवणीची जागा, चांगली दुप्पट केली. मशीन पुन्हा चालू करायला गेली, तर दवाखाना चालवणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष आडवे आले. "काहून घाई करून राह्यली, पोरी? आधी ह्या डिस्कचं उद्घाटन होऊ दे." मग हार झाले, शाली झाल्या, डोक्यावर ड्रोन फिरला, आणि प्रयागबाई बाकावर हात धरून कण्हत बसल्या.

मशीन चालू झाली, पण एक्स-रे पुन्हा अडला. ती चालू होताच अध्यक्षांनी सोहळ्याचं सारं शूटिंग त्याच डिस्कवर कोंबलं होतं. उमेरा वैतागली. "साहेब, डिस्क तुमच्याच व्हिडिओनं भरली. उडवू?"



"माह्या भाषणाले हात लावू नको. जुन्या पेशंटचे एक्स-रे उडव, त्यांची हाडं तर कधीचीच जुळली."