आसेनाचा मासा

"कुठला मासा?" इनोकेनं विचारलं.

शहरातून आलेली त्याची लेक, वासिती, सांगत होती की तिच्या लेकीला, आसेनाला, मासा चालत नाही. अंगावर गांधी उठतात, श्वास कोंडतो. इनोकेला त्यात नवल वाटलं नाही. बेटावरच्या घराण्याघराण्याला आपला एक मासा असतो, तो त्यांनी खायचा नसतो. चार वर्षांच्या नातीचाही असेल एखादा.

"सगळेच, बाबा."

"सगळे कसे असतील? एवढं मोठं घराणं कुणाचं गं?"

वासिती हसली नाही. हा घराण्याचा नेम नव्हे, दुखणं आहे, म्हणाली. त्यानं मान डोलावली. डोक्यात मात्र काही शिरलं नाही. नात पहिल्यांदाच गावी आली होती. काही झालं, तर लेक तिला पुन्हा आणायची नाही, एवढं मात्र कळलं.

म्हणून त्यानं वेगळी चूल मांडली, नवं पातेलं काढलं. दुकानातून आणलेला केक वासितीनं बाजूला सारला. त्यात अंडं होतं, तेही आसेनाला वर्ज्य. केकात कोंबडी कुठून आली, ह्याचा तो बराच वेळ विचार करत राहिला.

आसेना कसाव्याचे उकडलेले कंद आणि नारळाचं दूध पोटभर जेवली. इनोकेनं आपलं माशाचं कालवण चटईच्या दुसऱ्या टोकाला, पाठ फिरवून ओरपलं. हात धुतले. मग इथली म्हातारी माणसं करतात तसं नातीच्या गालाला नाक टेकवून त्यानं तिचा वास खोल ओढून घेतला.

थोड्याच वेळात तेवढाच गाल लालबुंद फुलला.

वासितीनं धावत औषध आणून पाजलं. सूज उतरेपर्यंत ती लेकीचा श्वास ऐकत बसली. मग म्हणाली, "काय दिलंत तिला?"

"देवाशपथ, काही नाही. हातसुद्धा धुतले होते."

तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. "आणि मिशा काय उपाशी उठल्या होत्या?"

परसातल्या पिंपापाशी त्यानं साबण लावला, वर लिंबू चोळलं, ओठ चुरचुरेपर्यंत. मग हुंगून पाहिलं. वास गेला की आहे, कळेना. जन्मभर त्याच वासात राहिलेलं नाक. ते काय सांगणार?

मागे आसेना येऊन उभी होती. तिनं दुसरा गाल पुढे केला.

"आजोबा, हा राहिला."

इनोके गुडघ्यांवर बसला. दोन्ही हात पाठीमागे धरले. हातभर अंतरावर थांबून त्यानं डोळे मिटले आणि छाती भरेपर्यंत श्वास घेतला.