एक दिवसाआड

आईचं तेरावं उरकून वैजयंती दोन आठवड्यांनी घरी परतली आणि खांद्यावरची बॅगही न उतरवता थेट गॅलरीत गेली. आईनं शेवटच्या भेटीत दिलेली अबोली कुंडीत वाळून काडी झाली होती.

"अहो, निघताना बजावलं होतं ना? रोज तांब्याभर पाणी घाला म्हणून!"

"विसरलो गं." नवऱ्याची मान पेपरातून वर आली नाही. "रोप काय, दुसरं आणू."

आई गेली ती गेली, तिची अबोलीसुद्धा या माणसाला राखता आली नाही! ती दातओठ खात पोळ्यांचा घट्ट झाकणाचा डबा शोधू लागली. तो सापडला नवऱ्याच्या कपाटात. आत त्याचे उंची सिगार ओळीनं मांडलेले आणि ते वाळू नयेत म्हणून शेजारी ओला स्पंज. झाकणाला आतून कागद चिकटवला होता, 'एक दिवसाआड पाणी.' त्याखाली तारखा आणि बरोबरच्या खुणा. गेल्या दोन आठवड्यांत एकही खूण चुकली नव्हती.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दुसऱ्या संध्याकाळी ऑफिसातून आलेल्या नवऱ्यानं टेबलावरचा सिगार उचलला, तर बोटांत त्याचा पापडासारखा चुरा झाला.

"हे काय केलंस?" तो ओरडला.

"हाताला दमट लागले, म्हणून सकाळी गच्चीत ऊन दाखवायला ठेवले. तासाभरात उचलणार होते." तिनं तव्यावरची पोळी घासूनपुसून ठेवलेल्या डब्यात टाकली. "विसरले हो."